चार चॅनलसाठी प्रीॲम्प: निवडीच्या नोंदी

४ जून

आजपासून कॅटलॉग उघडायचे नाहीत. आधी गरज लिहून काढायची. प्रीॲम्प म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट; ते चार चॅनलसाठी घ्यायचंय.

स्टुडिओ छोटा. रेकॉर्ड काय होतं? गाणारा किंवा बोलणारा एकटा आवाज, हा सर्वांत जास्त. त्याखालोखाल अकूस्टिक गिटार, व्हायोलिन, बासरी. कधीमधी ड्रम. कपाटात माइक आहेत ते असे: शुअरचे एसएम५७ आणि एसएम७बी, नॉयमनची केएम१८४ ची जोडी, एक यू८७ एआय आणि एक जुना पॅसिव्ह रिबन (धातूच्या पातळ पट्टीचा, विजेशिवाय चालणारा माइक). सगळं जातं एकाच आठ चॅनलच्या इंटरफेसमध्ये, म्हणजे माइकचा सिग्नल कॉम्प्युटरला देणाऱ्या पेटीत. त्यातले प्रीॲम्प चिपवाले, गेन (सिग्नल किती वाढवतो ते) ५६ डीबीपर्यंत.

तक्रार एकच, पण सारखी येते. हळू आवाजात बोलणारा माणूस एसएम७बीसमोर बसला की गेनचा नॉब शेवटच्या टोकाला जातो आणि मागे सू-सू ऐकू येते. रिबनवर व्हायोलिन घेतलं तरी तेच. ज्याला विचारावं तो सांगतो, चांगला प्रीॲम्प घ्या. घेऊ. पण ही सू-सू नक्की कोणाची आहे ते आधी ठरवू. प्रीॲम्पची नसेल तर प्रीॲम्प बदलून ती जायची नाही.

५ जून

आज फक्त गणित.

एसएम७बीची संवेदनशीलता −५९ डीबीव्ही (१ व्होल्टच्या तुलनेत डीबी) प्रति पास्कल, म्हणजे ९४ डीबी ध्वनिदाबाला साधारण १.१२ मिलिव्होल्ट. जवळून बोलणाऱ्या माणसाचा आवाज माइकच्या तोंडाशी ८० डीबी धरला तर माइकमधून निघतात ०.२२ मिलिव्होल्ट, म्हणजे −७१ डीबीयू (० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट). युरोपियन ब्रॉडकास्टच्या पद्धतीत ० डीबीयू म्हणजे −१८ डीबीएफएस (० डीबीएफएस ही डिजिटल मीटरची कमाल पातळी). त्या हिशेबाने ७१ डीबी गेन हवा. इंटरफेस देतो ५६. इथेच बहुतेक जण हात टेकतात आणि खरेदीला निघतात.

पण जरा थांबून पाहू. आमच्या इंटरफेसमध्ये गेन सर्वांत कमी असताना +९ डीबीयूला मीटर शून्यावर जातं. म्हणजे ५६ डीबी गेनवर ते −४७ डीबीयूला शून्यावर जाईल. −७१ चा आवाज मीटरवर −२४ च्या आसपास दिसेल. २४ बिटमध्ये −२४ ही काही कमी पातळी नाही. माणूस आणखी १० डीबी हळू बोलला तर −३४. तेही नंतर सॉफ्टवेअरमध्ये वर उचलता येतं.

उचलल्यावर सू-सू वाढेल ना? वाढेल, पण आवाजही तेवढाच वाढेल. प्रश्न एवढाच की कन्व्हर्टरची (सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या भागाची) स्वतःची खरखर मध्ये येते का. प्रीॲम्पची इनपुटला मोजलेली खरखर −१२६ डीबीयू धरली तर पूर्ण गेनवर ती −७९ डीबीएफएसवर बसते. कन्व्हर्टरची खरखर −११० च्या आसपास, म्हणजे तीस डीबी खाली. ती या खेळात नाहीच. थोडक्यात, गेन ‘पुरत नाही’ हे दिसतं मीटरवर, पण दुखणं मीटरचं नाही. मोजायची गोष्ट आहे इनपुटची खरखर, आणि तिच्यासमोर माइकमधून येणारं बाकी सगळं.

बाकी सगळं म्हणजे मुख्यतः खोली. खोली ३० डीबीए (कानाच्या संवेदनेनुसार तोललेले डीबी) इतकी शांत असेल (आणि ही वाईट खोली नव्हे) तर एसएम७बीमधून खोलीचाच आवाज −१२१ डीबीयूने येतो. प्रीॲम्प −१२६ किंवा −१२८ वर. म्हणजे या माइकवर प्रीॲम्पच्या आधी खोली ऐकू येते.

६ जून

कॉम्प्युटर बाहेर हलवला, लांब केबल टाकली, वातानुकूलन बंद केलं. एसएम७बी, तोच गेन, रेकॉर्डिंग केलं आणि आधीच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून ऐकलं. निम्म्याहून जास्त तक्रार गेली. राहिलेली सू-सू मात्र एकसारखी, पावसाच्या झिमझिमीसारखी आहे. ती आता प्रीॲम्पची किंवा माइकच्याच कॉइलची असणार.

९ जून

खरखर मोजायची साधी जोडणी केली. एक्सएलआरचा (माइकच्या तीन पिनांच्या जोडणीचा) मेल कनेक्टर घेतला, दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १५० ओमचा मेटल फिल्म रेझिस्टर ठेवून डाग दिला. पाय आखूड कापले, नाहीतर झाकण बसताना एक पाय धातूच्या कवचाला टेकतो आणि दिवसभर भुतासारखा हम शोधत बसावं लागतं. झाकण लावून मल्टिमीटरने तपासलं: दोन-तीनमध्ये १५०, एक नंबरशी दोन्हींचा संबंध नाही. झाला खोटा माइक. याला ना कान ना डायफ्रॅम, यातून येते फक्त रेझिस्टरची उष्णतेमुळे होणारी खरखर. ती खोलीच्या तापमानाला २० किलोहर्ट्झ पट्ट्यात −१३०.८ डीबीयू असते. त्याच्या खाली १५० ओमच्या स्रोतावर कोणीच जाऊ शकत नाही, मग पेटी कितीही महाग असो.

मोजायची रीत: गेन पूर्ण, हा खोटा माइक लावायचा, थोडा वेळ रेकॉर्ड करायचं, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झमधली आरएमएस पातळी वाचायची. ती डीबीयूमध्ये बदलायची आणि गेन वजा करायचा. दोन गोष्टी सांभाळायच्या. गेन नॉबवर छापलेला घ्यायचा नाही, माहीत असलेला टोन माहीत असलेल्या ॲटेन्युएटरमधून पाठवून मोजायचा. आणि आरएमएस मीटर कुठल्या पद्धतीचं आहे ते पाहायचं. काही मीटर पूर्ण पातळीच्या साइन वेव्हला शून्य दाखवतात, काही −३. हे तीन डीबी इथे फार मोठे आहेत, कारण चांगला आणि बरा प्रीॲम्प यांच्यातला सगळा फरकच तीन-चार डीबीचा असतो.

इंटरफेस निघाला −१२६ च्या जवळपास. वापरून पाहायला आणलेल्या पेट्यांना इथे क, ख, ग म्हणतो. क हा ट्रान्सफॉर्मर नसलेला ‘स्वच्छ’ प्रीॲम्प, त्याला −१२८. ख इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर असलेला, त्याला −१२७ च्या आतबाहेर. ग व्हॉल्व्हचा, तो −१२२.

म्हणजे आमच्या इंटरफेसपेक्षा क दोन डीबीने शांत. कॅटलॉगमध्ये मात्र काहींनी −१३३ छापलंय. हे कसं जमतं? इनपुट शॉर्ट करून मोजलं की रेझिस्टरची खरखर उरतच नाही. वर ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणाऱ्या सुरांना कमी वजन देणारी मोजणी) लावलं की आणखी दोनेक डीबी सुंदर. खोटं नाही, पण तुलनेला निरुपयोगी. आकड्याशेजारी ‘१५० ओम, अनवेटेड’ असं लिहिलेलं नसेल तर तो आकडा मी खोडतो.

११ जून

कंडेन्सर माइकांचं (यू८७, केएम१८४) काम पाच मिनिटांत उरकलं. यू८७ एआयची स्वतःची खरखर १२ डीबीए, कार्डिऑइडमध्ये संवेदनशीलता २८ मिलिव्होल्ट प्रति पास्कल. म्हणजे माइकच आपली खरखर −१११ डीबीयूने पाठवतो. प्रीॲम्प −१२० चा असला तरी एकूण खरखर वाढते अर्धा डीबी. शांत प्रीॲम्प घेऊन या माइकला काहीही मिळत नाही.

एक पोटकलम: छापील खरखर नेहमी पूर्ण गेनवरची असते. गेन ३०–३५ वर आणला की बऱ्याच प्रीॲम्पची इनपुटला धरलेली खरखर वाढते, आणि कंडेन्सर तर तिथेच वापरतो. म्हणून तिथेही मोजून ठेवलं. चारही −१२० च्या खालीच राहिले. विषय बंद.

१४ जून

इम्पीडन्सचा, म्हणजे ओममध्ये मोजलेल्या सिग्नलच्या विरोधाचा दिवस. याच्याबद्दल वाचलं खूप जातं, ऐकलं कमी जातं.

माइक हा काही हजार ओमच्या भाराला व्होल्टेज देतो. प्रीॲम्पचा इनपुट माइकच्या पाच-दहा पट असावा हा जुना नियम. एसएम५७ वर छापलंय १५० ओम, पण प्रत्यक्षात तो ३१० ओमच्या आसपास. १५०० ओमच्या प्रीॲम्पवर तो १.६ डीबी गमावतो. ६०० ओमवर ३.६ डीबी. नुसती पातळी घटली असती तर नॉब फिरवून भरून काढली असती. पण माइकचा इम्पीडन्स सगळ्या कंपनसंख्यांना सारखा नसतो. जिथे तो जास्त, तिथे घट जास्त. त्यामुळे भार बदलला की इक्यू बदलल्यासारखं होतं.

क च्या इनपुटला भार बदलायचा स्विच आहे: ३००, १२००, २४०० आणि १० हजार ओम. रिबन लावला, व्हायोलिनवाल्याला एकच लांब सूर धरायला सांगितलं आणि स्विच फिरवत गेलो. ३०० वर आवाज लहान झाला, शिवाय खालचा भाग वाळून गेला. सूर तोच, पण पेटीचं लाकूड नाहीसं झालं. कारण सरळ आहे: रिबनचा इम्पीडन्स त्याच्या खालच्या अनुनादापाशी चढतो, आणि नेमका तोच भाग कमी ओमच्या भाराला सर्वांत आधी दबतो. १२०० वर लाकूड परत आलं. २४०० वर अजून मोकळं. १० हजारावर पुढचा फरक मला ऐकू येतो असं मी शपथेवर सांगणार नाही. पण पातळी जरा वर गेली, आणि रिबनच्या बाबतीत फुकट मिळालेला एकेक डीबी मोलाचा.

१० हजार ओम छापलेल्या प्रत्येक प्रीॲम्पला एक प्रश्न विचारायचा. फँटमचे (माइकला तारेतूनच मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या पुरवठ्याचे) दोन रेझिस्टर, ६.८१ किलोओमचे, इनपुटला कायम जोडलेले आहेत का? असतील तर माइकच्या दोन तारांमध्ये १३.६ किलोओम समांतर बसतात आणि दहाचे पावणेसहा उरतात. फँटम बंद केल्यावर रेझिस्टरही सुटतात अशी रचना असेल तरच दहा म्हणजे दहा. क मध्ये सुटतात. मल्टिमीटर लावून पाहिलं.

ख वर फक्त दोनच जागा, १२०० आणि ३००. नीव्ह १०७३ या जुन्या प्रीॲम्पच्या घराण्यातली ही रीत. एसएम५७ गिटार ॲम्पसमोर लावून ३०० वर घेतलं तेव्हा वरचा कडकडाट खाली बसला आणि मिक्समध्ये चटकन जागा सापडली. म्हणजे ‘चुकीचा’ भारही कामाचा असतो. मात्र तो मुद्दाम लावलेला असावा.

१५ जून

आता उलट टोक. गेन किती कमी होतो?

केएम१८४ ची संवेदनशीलता १५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, आणि तो १३८ डीबीपर्यंत झेपवतो. ड्रमजवळ शिखरं १३० डीबीला गेली तर माइकमधूनच +१.७ डीबीयू निघतात. ही जवळजवळ लाइन लेव्हल. ज्याचा किमान गेन २० डीबी आहे तो त्याचे +२१.७ करणार आणि पुढच्या कन्व्हर्टरच्या डोक्यावरून जाणार. पॅड (सिग्नल कमी करणारा स्विच) लावता येतो, पण २० डीबीचा पॅड खरखरीच्या हिशेबात २० डीबी घेऊन जातो. ड्रमवर ते चालतं, तिथे खरखर कोण ऐकतंय.

इथे ख ने चांगलं काम केलं. त्याला आउटपुटला वेगळा नॉब आहे. इनपुट वाढवून आउटपुट कमी केला की ट्रान्सफॉर्मरला काम मिळतं आणि कन्व्हर्टरही वाचतो. ज्या पेटीला एकच नॉब आहे तिच्यात हा खेळ नाही.

१८ जून

ट्रान्सफॉर्मरबद्दल मनात स्पष्टता हवी म्हणून जुनं वाचन पुन्हा चाळलं.

आज ट्रान्सफॉर्मर म्हटलं की लोक रंगाबद्दल बोलतात. ज्यांनी तो आधी घातला त्यांना रंग नको होता, त्यांना गरज होती. व्हॉल्व्हच्या ग्रिडला १५० ओमचा स्रोत जोडला तर व्हॉल्व्हच्या खरखरीत माइक बुडून जातो. एकास दहाचा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला की व्होल्टेज दहापट, म्हणजे २० डीबी, आणि तेही विजेशिवाय. इम्पीडन्स शंभरपट, १५० चे १५ हजार. व्हॉल्व्हला हेच हवं असतं. जर्मन रेडिओसाठी बनलेला व्ही७२ हा ३४ डीबी ठरलेल्या गेनचा ॲम्प्लिफायर याच जातीचा. त्याचीच व्ही७२एस ही आवृत्ती ॲबी रोड स्टुडिओच्या आरईडीडी मिक्सिंग कन्सोलमध्ये होती. बिल पुटनमचं ६१० मोड्यूलही व्हॉल्व्हचंच.

ट्रान्झिस्टर आले तरी ट्रान्सफॉर्मर राहिले. १९७० चा १०७३ क्लास ए, दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर, गेन ८० डीबीपर्यंत. एपीआयचा ३१२ हा २५२० या सुट्या भागांच्या ऑप-ॲम्पभोवती बांधलेला. मग एसएसएम२०१७, पुढे दॅट १५१० आणि १५१२ अशा चिप आल्या. त्यांच्या तोंडाशी मोठ्या आकाराचे, कमी खरखरीचे ट्रान्झिस्टर असतात आणि त्या थेट १५० ओमवर उत्तम चालतात. गरज संपली. मागे उरला तो ट्रान्सफॉर्मरचा स्वभाव.

तो स्वभाव मोजता येतो. गाभा चुंबकीयदृष्ट्या भरू लागतो तो खालच्या सुरांना आणि मोठ्या पातळीला. ५० हर्ट्झचा टोन ख मधून चढवत नेला तेव्हा तिसरा हार्मोनिक दिसायला लागला. तीच पातळी १ किलोहर्ट्झला दिली तर जवळजवळ काही नाही. म्हणजे हा ‘रंग’ सगळीकडे सारखा फासलेला नसतो. बेस, किक, खर्जातला पुरुषी आवाज, पियानोचा डावा हात इथे तो भेटतो. बासरीवर तो शोधत बसणं व्यर्थ. आणि हळू वाजवलं, गेन बेताचा ठेवला, तर तो बेसवरही भेटत नाही.

२१ जून

आंधळी चाचणी.

गायिकेला चार वेळा तेच गायला लावलं तर ती चार वेगळी गाणी गाईल, आणि आम्ही प्रीॲम्पऐवजी गाण्याला गुण देऊ. म्हणून सरळ रस्ता: आधीचं कोरडं गिटार रेकॉर्डिंग आणि एक कोरडा आवाज मॉनिटर स्पीकरवर वाजवला, समोर एकच माइक, स्टँडला टेप मारून ठेवलेला. प्रत्येक प्रीॲम्पमधून तेच वाजवणं घेतलं. स्पीकरचा स्वतःचा गुणदोष यात येतो, पण तो चारही वेळा तोच.

माइकची तार दोन प्रीॲम्पमध्ये एकदम वाटायची नाही हे आधीच ठरवलं होतं. दोन इनपुट समांतर झाले की भार निम्मा होतो, आणि १४ तारखेला पाहिल्याप्रमाणे माइकचा आवाजच बदलतो.

पातळी जुळवणं हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग. अर्धा डीबी मोठं वाजलेलं ‘मोकळं’, ‘खोल’, ‘महाग’ वाटतं. १ किलोहर्ट्झच्या टोनवर चारही ०.१ डीबीच्या आत आणले. ०.१ का? एकाची फेज उलटी करून दुसऱ्यात मिसळलं की जे उरतं तो फरक. नुसती ०.१ डीबीची तफावत असली तरी उरलेलं फक्त ३९ डीबी खाली जातं. त्यापेक्षा ढिसाळ जुळवलं तर फरक प्रीॲम्पचा की नॉबचा हेच कळत नाही.

मदतनीस मुलाने फाइलींची नावं बदलून दिली. गायिका, मी आणि तो, तिघांनी वेगवेगळं ऐकलं आणि एकमेकांना न दाखवता लिहिलं.

यू८७, बेताचा गेन: इंटरफेस, क आणि ख यांत कोणालाच ठामपणे बोट ठेवता आलं नाही. गायिका म्हणाली, “अहो, ही सगळी मीच आहे. वेगळं काय शोधू?” ग मात्र तिघांनी वेगळा काढला, कारण वरचा भाग थोडा गोलसर होता. आवडला का? दोघांना आवाजावर आवडला, गिटारवर कोणालाच नाही.

ख ला इनपुटने दामटून, आउटपुट खाली ओढून: खर्जातल्या आवाजावर तिघांनी ओळखला. शब्दांच्या सुरुवातीचा धक्का जरा दबतो आणि आवाज पुढे येऊन उभा राहतो. हाच प्रकार कोमल गिटारवर केला तर ती जाड वाटली.

रिबन, दीड मीटरवर, हळू वाजणारं: इथे नावं लपवायची गरजच नव्हती. शांत जागांमध्ये ग ची खरखर धबधब्यासारखी, मग इंटरफेस, मग ख, मग क. मदतनीस म्हणाला, “दादा, हा एक टेस्ट आधी केला असता तर बाकीचे कशाला केले असते?”

त्याला मी उत्तर दिलं नाही, पण हिशेब लिहून ठेवतो. रिबन १ मिलिव्होल्ट प्रति पास्कलचा धरू. ७० डीबीचं व्हायोलिन त्यातून −८२ डीबीयूने निघतं. २५ डीबीएची खोली −१२७ ने. रिबनचे स्वतःचे ३०० ओम −१२७.८ ने खरखरतात. म्हणजे खोली, माइक आणि प्रीॲम्प तिघं एकाच उंचीवर. −१२८ च्या आणि −१२४ च्या प्रीॲम्पमध्ये या माइकवर एकूण दीड-दोन डीबीचा फरक पडतो, आणि हा ऐकू येणारा फरक आहे. यू८७ वर हाच फरक विरघळून गेला होता. प्रीॲम्पवर खर्च करायचा तर तो याच कामासाठी.

२४ जून

हम. ग जोडला की ५० हर्ट्झची घूं, बाकीच्यांना नाही. केबल बदलली, सॉकेट बदललं, तरी तीच. शेवटी उघडून पाहिलं: एक नंबरची पिन कवचाला न जाता आतल्या सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला गेलेली. म्हणजे केबलच्या शील्डमधून येणारा सगळा कचरा थेट सिग्नलच्या ग्राउंडमध्ये. नील मन्सीने १९९५ मध्ये हा ‘पिन वन’चा दोष सविस्तर मांडला, तरी असं वायरिंग अजून भेटतं. उसनी पेटी, दुरुस्त करायची आपली नाही. यादीतून बाहेर.

मोबाइल प्रत्येक पेटीजवळ नेऊन कॉल लावून पाहिला. ख च्या ट्रान्सफॉर्मरने काहीच आत घेतलं नाही. क ने पण नाही. इंटरफेसने किंचित टिकटिक घेतली.

२६ जून

मधल्या तारेत बसणारा बूस्टर उसना मिळाला. फँटमवर चालतो, पण फँटम माइकला पोचू देत नाही, म्हणून रिबनलाही चालतो. सुमारे २५ डीबी वाढवतो. इंटरफेसच्या आधी लावून १५० ओमवर मोजलं तर खरखर क च्या बरोबरीला आली. कारण आता साखळीतली पहिली पायरी बूस्टर आहे, आणि खरखर पहिल्या पायरीवरच ठरते.

त्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. भार बदलता येत नाही, गेन ठरलेला, मोठा आवाज आला की तोच आधी फाटतो. क च्या आधी लावून पाहिला तर काहीही मिळालं नाही. तरीही ज्याच्याकडे एकच डायनॅमिक माइक आहे आणि साधा इंटरफेस आहे, त्याला मी प्रीॲम्पच्या आधी हाच सांगेन.

२७ जून

फँटम तपासला. ४८ व्होल्ट हा आकडा आला तो १९६६ मध्ये नॉयमनने नॉर्वेच्या एनआरके या रेडिओला केएम८४ माइक दिले तेव्हा. तिथल्या इमारतींत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा होताच, तोच वापरला.

मोकळ्या सॉकेटवर ४८ दिसले म्हणून खूश व्हायचं नाही. केएम१८४ साधारण ३.२ मिलिॲम्पिअर ओढतो. दोन रेझिस्टर समांतर म्हणजे ३.४ किलोओम, त्यात ११ व्होल्ट पडतात, माइकच्या टोकाशी ३७ उरतात. हे ठीकच आहे, माइक तसेच बनवलेले असतात. पाहायचं हे की सगळ्या चॅनलवर माइक लावल्यावर रेझिस्टरच्या मागचा मूळ पुरवठा ४४ ते ५२ मध्ये टिकतो का. क, ख टिकले. इंटरफेस आठही चॅनल भरल्यावर कडेला येऊन थांबतो.

२८ जून

नॉब. लहान गोष्ट वाटते, पण रोज हात तिथेच जातो. इंटरफेसच्या नॉबला शेवटच्या बोटभर फिरण्यात १५–२० डीबी कोंबलेले आहेत. केएम१८४ ची जोडी लावून दोन्ही चॅनल सारखे करायला गेलं की कायम डावं-उजवं होतं आणि स्टिरिओचं चित्र सरकतं. क ला पायऱ्यापायऱ्यांचा स्विच आहे, दोन्ही चॅनल एका पायरीवर ठेवले की काम झालं. पुढच्या महिन्यात तीच गायिका परत आली तर कागदावरून तीच पायरी लावता येते. या एका गोष्टीला मी आवाजाच्या बरोबरीचे गुण देतो.

३० जून

निर्णय.

क चे दोन चॅनल: रिबन, एसएम७बी, लांबून घेतलेली वाद्यं, स्टिरिओ जोडी. कारणं खरखर, बदलता भार, पायऱ्यांचा गेन.

ख चे दोन चॅनल: खर्जातले आवाज, बेस, गिटार ॲम्प, किक. तो ‘चांगला’ आहे म्हणून घेत नाही, त्याला दामटता येतं म्हणून घेतो. दामटायचं नसेल तिथे तो आणि इंटरफेस एकच, हे २१ तारखेने दाखवलंय.

यू८७ साठी नवीन काही नाही. तो इंटरफेसमध्येच राहतो. ड्रमचे उरलेले माइकही तिथेच.

ग परत. व्हॉल्व्हबद्दल मनात काही नाही, त्या पेटीबद्दल आहे.

आठही चॅनल एकाच महागड्या जातीचे घ्यावेत असं भागीदाराचं म्हणणं होतं. ‘सगळं एकसारखं दिसेल.’ दिसेल खरं. पण त्याच खर्चात खोलीच्या दारांना सील आणि वातानुकूलनाच्या नळीला आवाज शोषणारं अस्तर होतं. खोली ३० वरून २५ वर आली तर ते पाच डीबी प्रत्येक माइकला, प्रत्येक चॅनलवर मिळतात. तो तयार झाला, कुरकुरत का होईना.

३ जुलै

बसवणी. क आणि ख चे आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला, माइक इनपुटला नाही. लाइन इनपुट +१८ डीबीयूला शून्यावर जातो हे मोजून पेटीवर लिहिलं.

माइकच्या तारा पॅचबेमधून (छोट्या तारांनी जोडण्या बदलायच्या पाटीतून) न्यायच्या नाहीत असं ठरलं. नीट वायरिंगच्या एक्सएलआरवर फँटमने रिबनला सहसा काही होत नाही, कारण दोन्ही तारांवर सारखंच व्होल्टेज येतं. पण पॅचकॉर्ड आत जाताना टोक आणि रिंग वेगवेगळ्या क्षणी टेकतात, आणि तेवढ्यात रिबनमधून धक्का जातो. म्हणून भिंतीवरच्या एक्सएलआरमधून थेट. क च्या फँटम स्विचवर लाल टेप.

उद्यापासून दाराचं काम सुरू. ते झाल्यावर १५० ओमचा खोटा माइक आणि एसएम७बी, दोन्ही लावून पुन्हा मोजायचं. आकडे याच वहीत.